कुसळवाडीच्या शिवेवरचा गाडा

ऐका. गप बसा जरा आन् ऐका. लाईट काय लगेच येत न्हाई. डीपी जळलाय, मला वास आलाय. लिफ्ट बंद, पंखा बंद, म्हनून तर तुमी सोसायटीवाली मंडळी आज खाली उतरलात आन् आमच्या मरीआईच्या पारावर टेकलात. एरवी या हैबतीतात्याकडं कोन बघतंय! बरं, या देशमानेबाईंनी काय इचारलं, ऐकलंत ना? म्हनाल्या, "तात्या, मागच्या गेटातून फाट्याला जवळची वाट आहे, मग गावातलं एकही माणूस अंधार पडल्यावर तिकडून का जात नाही?"

सांगतो. ए सुभान्या, त्यो मोबाईलचा उजेड बंद कर. तोंडं दिसली न्हाईत तरी चालतंय, कान उघडं ठिवा.

रंगा झांबरे त्या रातीला फाट्यावरनं निघाला. पायी निघाला! गडी कवा पायी चालायचा न्हाई. बुडाखाली बुलेट असायची. पन त्या दिशी फाट्यावर चाकातली हवा गेली, पंक्चरवाला फळी लावून घरी गेलेला, आन् रंगाच्या खिशात व्हती औषदाची बाटली. त्येच्या आईची. हौसाबाई तिचं नाव. दमेकरी बाई. सांजपास्नं तिच्या छातीत शिट्टी वाजत व्हती, येक वाक्य बोलायला चारदा थांबत व्हती. तिच्यासाठी गडी औषदाला गेलेला. हे ध्यानात ठिवा बरं का. आईसाठी गेलेला. रंगा वाईट नव्हता. वाईट मानसाची गोष्ट सांगायला मला कशाला बसवताय, ती पेपरात येती.

निघताना म्हातारीनं त्येला बजावलेलं. "रंगा, उशीर झाला तर व्हऊ दे. पन पक्क्या सडकंनं ये. शिवेच्या वाटंनं येऊ नगंस."

रंगा हसला. "आये, शीव ऱ्हायलीच कुठंय आता?"

म्हातारी म्हनली, "म्हनूनच सांगती."

आता हितं थांबतो. शीव म्हंजी काय व्हती, ते कळल्याबिगर पुढचं कळायचं न्हाई. चुळबूळ करू नका. डास चावत्यात तर चावू द्यात, आमाला बी चावत्यात.

कुसळवाडी हे नाव आमचं आमी ठिवलेलं न्हाई. शेजाऱ्यांनी ठिवलं. कुसळ म्हायतीय का? गवताचं. धोतराला चिकटलं की निघत न्हाई, आन् नको तितंच टोचतं. हा सगळा माळ व्हता. नुसतं गवत. शहरातल्या टांग्याच्या घोड्यांना गवत आमचं जायचं. टांगं गेलं, मंग शहराच्या च्याला दूध आमचं. बंगलं उठलं, मंग विटा आमच्या. हितं जिथं तुमची पार्किंग हाय ना, तितं वीटभट्टी व्हती, धुरानं डोळं चुरचुरायचं. मंग विटा बी संपल्या, जमिनी गेल्या. आता शहराचा कचरा येतोय आमच्या खानीत. हसताय काय? शहरानं आमच्याकडं ढकलायचं, आमी पल्याडच्या धानवडीकडं ढकलायचं. ढकलन्यात आमच्या गावाचा हात कुनी धरायचा न्हाई.

आन् ही आजची गोष्ट न्हाई. माझ्या आज्याच्या काळात पटकी यायची. मानूस सकाळी हगवनीला लागला की सांजच्याला सरनावर. डाक्टर कुठला! मंग गाव मरीआईचा गाडा काढायचं. लाकडाचा गाडा, दोन चाकाचा, ढकलायला मागं दांडी. त्यात लिंबाचा पाला, हिरव्या बांगड्या, नारळ, दहीभात. देवीला म्हनायचं, बस बये, चल. आन् ढकलत ढकलत शिवेवर न्यायचं. शिवेवर दगड व्हता, चाकोरीतच, शेंदूर फासलेला. गाड्याचं चाक त्या दगडावर चढायचं आन् पल्याड आपटायचं. पल्याड धानवडी. चाक आपटलं की मागं न बघता पळत सुटायचं. गेली रोगराई! धानवडीचं घरचं झालं थोडं, आन् याह्यानं धाडलं घोडं. ती बी कमी न्हाईत. ती ढकलायची त्यांच्या पुढच्या गावाला.

या गाड्याचा येक नेम व्हता. नीट ऐका, सगळं ह्येच्यात हाय. दांडीला हात लावला की शीव येईस्तवर काढायचा न्हाई. काढला तर देवी त्येच्याच घरात. दमला गडी, हात भरून आलं, तर त्येनं वरडायचं, "हात लावा!" आन् ज्येच्या कानावर पडंल त्येनं असंल ते काम टाकून यायचं, दांडीवर हात ठिवायचा. नवा हात पडला की जुना मोकळा. आमच्यात लेकरू चालाय लागलं की आदी ह्येच शिकतंय. "हात लावा" म्हटलं की हात पुढं. अजून बी! रस्त्यात कुनाचा टेम्पो रुतू द्या आन् वरडा, बघा कुसळवाडीचा मानूस कसा पळत येतो. उपकार म्हनून न्हाई हो. सवय.

आन् पहिला हात लावायचा मान झांबऱ्यांचा. रंगाच्या पनज्याचा.

येक वरीस पटकी हटंना. गाडा काढला, शिवेपल्याड ढकलला, तरी मढी उठत्यातच. परत काढला. परत तेच. तवा गावात साळू म्हनून येक बाई व्हती. नवरा मेलेला, पोर न्हाई, मागं रडायला कुनी न्हाई. डोईवर गवताचा भारा घेऊन शहरात जायची, इकून यायची. तिला उलट्या लागल्या. आन् गाव म्हनलं, देवी हिच्यात बसलीय! म्हनून गाडा मोकळा जातोय!

झांबऱ्यानं तिला उचलली आन् गाड्यात बसवली.

जित्ती. व्हय, जित्ती.

तिनं शिव्या दिल्या न्हाईत, शाप दिला न्हाई. माझा आजा सांगायचा, ती निस्तं पानी मागत व्हती. "घोटभर पानी द्या, मंग न्या." वाटंत हिरी व्हत्या. आडाला पोहरं व्हतं. कुनी दिलं न्हाई. म्हनले, भांडं बाटंल. शिवेवर आनली तर पल्याड धानवडीवालं काठ्या घेऊन उभं. आमी ढकलला तिकडं, त्यांनी ढकलला हिकडं. रातभर! दगडावर चाक आपटतंय, आत बाई हिंदकळतीय, आन् दोन गावं येकमेकाला आयामाया काढत्यात. उजाडलं तवा गाडा दगडावर आडवा. येक चाक आमच्यात, येक चाक त्यांच्यात, आन् साळू मेलेली. आमी म्हनलो तुमच्या हद्दीत मेली. ते म्हनले तुमच्या. कुनी हात लावला न्हाई. पुढं काय झालं इचारू नका. कुत्री लई व्हती त्या काळी.

तवापास्नं साळू त्या दगडापाशी. दर आखाडात गावानं तितं पान्याचा तांब्या ठिवायचा, दहीभात ठिवायचा, आन् ती गप बसायची. कुनाला तरास न्हाई. दगड ही तिची जागा. हिकडं न्हाई, तिकडं न्हाई, पन जागा व्हती.

आन् त्यो दगड रंगानं उपटला.

का उपटला? जमीन इकायची व्हती. प्लाटात शेंदराचा दगड दिसला की घेनारा मागं सरतो. म्हनून भर दुपारी ट्रॅक्टरला साखळी बांधली, दगड वडून काढला, भट्टीच्या जुन्या खड्ड्यात लोटला, वर माती. गावानं बघितलं. कोन बोललं का? छ्या! ज्येच्या त्येच्या जमिनी ओळीनंच व्हत्या, उद्या आपल्याला बी गिऱ्हाईक यायचंय. बरं, आखाडातला तांब्या आता ठिवायचा कुठं? मंग ज्यानं त्यानं शेजाऱ्याच्या दारात ठिवला. शेजाऱ्यानं त्येच्या शेजाऱ्याच्या. सकाळी सगळं तांबं गटारात पालथं. असलं आमचं गाव!

त्याच आखाडातली ही रात.

तर रंगा शिवेच्या वाटंला लागला. अंधार गुडूप. भट्ट्या इझत आलेल्या, धूर जमिनीबरूबर सरपटतोय. खिशावर हात ठिवून गडी झपाझप चालला. डोसक्यात येकच. आईला औषद पोचवायचं. आईला औषद पोचवायचं.

आन् मागनं आवाज. कुई… कुई…

रंगा थांबला. आवाज थांबला. रंगा चालला. कुई… कुई… म्हनला, भट्टीवरची ढकलगाडी असंल. या येळंला? असंल. मन काय, समजूत काढायला बसलेलंच असतं. मंग आवाज मागनं व्हता त्यो डावीकडनं आला. मंग पुढनं.

वळनावर गाडा दिसला. येवढासा. चाक चाकोरीत रुतलेलं. आत लिंबाच्या पाल्याचा ढीग, वला, आत्ता तोडल्यावानी. मानूस कुनी न्हाई. आन् पाल्यातनं आवाज, दमलेला, चिरका.

"हात लावा हो… हात लावा…"

आन् रंगाचा हात गेला!

डोसकं म्हनत व्हतं पळ. पाय मागं वळलेलं. पन उजवा हात दांडीवर जाऊन बसलेला. देशमानेबाई, तुमी त्या जागी असता तर वाचला असता. तुमी आदी इचारलं असतं, कोन तुमी, कुठल्या विंगमधलं, काय पायजे. तुमच्यात आदी चौकशी. आमच्यात आदी हात.

गाडा सुटला. हलका, सूप ढकलावं तसा. रंगाला वाटलं, झालं की काम. हात काढायला गेला. निघंना! वढला, झटकला, पाय लावून वढला. तळवा दांडीला चिकटलेला. गाडा पुढं, रंगा मागं. आन् पाल्याखालनं आवाज, लई मायेचा.

"शीव आली का रं बाळा?"

रंगाला कळलं. झांबऱ्याचा पोर त्यो, लहानपनापास्नं ऐकलेलं सगळं. पन गडी हुशार. म्हनला, नेम तर नेम. दगडाची जागा मलाच ठावं. तितवर नेतो, पल्याड लोटतो, सुटतो. पळत पळत गाडा नेला. जागेवर आला. तितं काय? सपाट. खुंट्या ठोकल्यात, चुन्याच्या रेघा मारल्यात. रंगानं गाडा रेघंपल्याड लोटला आन् वरडला, "आली शीव! उतर!"

पाल्यातनं आवाज, "दगड कुठाय?"

"हाय की. गेला मागं."

"चाक आपटलं न्हाई."

रंगानं परत हात झटकला.

"शिवेवर चाक आपटतंय," ती म्हनली. "मला म्हायतीय. रातभर आपटलंय."

आन् गाडा जड झाला. असा जड, का रंगाचं खांदं निखळायला आलं. तरी थांबता येत न्हाई! थांबला की दांडी तळव्याला पोळायची. भट्टीची चिमनी मागं टाकली. परत चिमनी पुढं. ती मागं टाकली. परत तीच, तिच्या बुडाला तीच फुटकी बादली. वहाना कवाच गेल्या पायातनं. खाली विटांचं तुकडं, भाजल्या मातीचं, सुरीसारखं. गडी तालमीतला, पन लेकरावानी रडाय लागला.

"पानी दे की रं," ती म्हनली. "घोटभर. मंग ने."

"पानी न्हाई माज्यापाशी."

"खिशात काय हिंदकळतंय?"

रंगानं डाव्या हातानं खिसा दाबून धरला. "ती माज्या आईची बाटली हाय. तिला दम लागलाय. ती न्हाई द्यायची."

"आईची हाय व्हय? मंग दे की. आई काय न्हाई म्हनती?"

पाल्यातनं हात आला. हाडाचा, वर हिरव्या बांगड्या, किनकिन करत्यात. रंगानं तिची बोटं पिरगाळली. ढिम्म! बाटली काढली, बूच दातानं उपसलं, आन् अंधारात गटगट आवाज. शेवटच्या थेंबापत्तुर. मंग बाटली फेकली. खळ्ळ! रंगा गुरावानी वरडला. त्येची सगळी रात त्या बाटलीसाठी व्हती.

"कडू हाय," ती म्हनली. "हे पानी न्हवं."

थांबा, अजून हाय. गाडा आता आनखी दबाय लागला. मागनं कुनीतरी चढतंय. परत कुनीतरी चढलं. रंगा मान वळवंना, नेम हाय ना, मागं बघायचं न्हाई. पन आवाज वळखू येत्यात. गावानं जी जी शिवेभाईर काढली, ती चढत व्हती. येडी म्हनून फाट्यावर सोडलेली सुतारीन. इस्टेट नावावर केल्यावर गाडीत बसवून दिलेला म्हातारा. परजातीत लगीन केलं म्हनून दार लावून घेतलेली पोर, तिच्या कडंवर तान्हं. सगळी चढली. आन् त्यांच्यात रंगाचा मेलेला बाप बोलला, "रंग्या, दगड कुठं टाकलास रं?"

रंगाच्या नाकातनं रगत आलं.

आन् मंग साळू म्हनली. मायेनंच म्हनली. "शीव न्हाई गावत तर ऱ्हाऊ दे, बाळा. दमलास. तुज्याच दारात सोड मला."

गाडा वळला. आपनहून वळला! झांबऱ्याच्या घराकडं. रंगानं टाचा रोवल्या, दोन फाळ ओढावं तशा रेघा उठल्या मातीत, दुसऱ्या दिशी सगळ्यांनी बघितल्या. त्येला म्हायती, गाडा ज्येच्या दारात थांबला त्येच्या घरात मढं. आन् घरात कोन? येकटी आई.

आता हितपत्तुर रंगानं मला सांगितलेलं. सोताच्या तोंडानं. कवातरी दारू घेऊन बसला व्हता तवा. पुढचं बी त्येनं सांगितलं. ते आदी त्येच्यावानीच सांगतो.

त्यो म्हनला, घर आलं. आई चाकाचा आवाज ऐकून उंबऱ्यात आलेली. तिनं बघितलं आन् तिला सगळं कळलं. म्हनली, "लेकरा, तू सुट. माझं काय, मी आज हाय उद्या न्हाई." आन् आपनहून पुढं झाली, दांडीवर हात ठिवला. रंगाचा हात सुटला. त्यो घरात पळाला आन् कडी लावून घेतली. असं त्यो म्हनला. आईची माया, तात्या, असं म्हनला, आन् रडला.

हौसाबाई चार पावलं टाकली की भिंतीला टेकायची. तिनं त्यो गाडा पहाटपत्तुर ढकलला. सगळा गाव भरून ढकलला, गल्लीगल्लीतनं. मी तवा जकात नाक्यावर रातपाळीला व्हतो, माझी बायको घरात व्हती. तिनं ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. कुई… कुई… आन् त्या म्हातारीचा आवाज, येका येका शब्दाला थांबत. "हात… लावा… हात…" जल्मभर ज्या गावाचा हात त्या हाकंला आपनहून पुढं गेला, त्या गावानं त्या रातीला हात उशाखाली दाबून धरलं. नवऱ्यानं बायकोचं धरलं, बायकोनं पोराचं. सकाळपत्तुर येक कडी निघाली न्हाई.

ती गावली कुठं? प्लाटात, चुन्याच्या रेघंवर. दगड व्हता त्याच जागी. पायाची सालटं निघालेली, तळव्याला कातडं न्हाई. तोंड उघडं, जीभ कोरडी ठाक. आज तितं तुमचं मागचं गेट हाय, देशमानेबाई.

आता मी रंगाला कवा बोललो न्हाई ते सांगतो.

हौसाबाईला शेवटची आंघोळ घालायला बायका बसल्या. माझी बायको व्हती त्यात. तिनं बघितलं, म्हातारीच्या मनगटावर पाच बोटं उठलेली. काळीनिळी, रुतलेली. दांडगी बोटं. बापया मानसाची.

आन् झांबऱ्याच्या उंबऱ्यावर येक तांब्या पालथा पडलेला. उंबरा वला. म्हातारी तांब्या भरून आनत व्हती हो! दम लागलेली बाई, मदीच आत जाऊन माठातनं तांब्या भरून, भाईर घेऊन आलेली. कुनासाठी? सोतासाठी आनलं असतं तर माठापाशीच प्याली असती. घरात दुसरं कोन व्हतं? ती पानी आनत व्हती त्या साळूला. दगडापाशी तांब्या ठिवला सगळ्यांनी, पन हातानं पाजावं हे येवढ्या वर्सात कुनाला सुचलं न्हाई, ते त्या म्हातारीला सुचलं. घोटभर पाजलं असतं तर कदाचित साळू बी सुटली असती, पोरगा बी सुटला असता, ती बी जगली असती. येवढंच अंतर व्हतं, उंबऱ्यापास्नं गाड्यापत्तुर.

पन रंगाला तेवढा दम निघाला न्हाई.

भूत मनगट धरत न्हाई, बाई. भूत निस्तं म्हनतं, हात लावा. मनगट धरून हात ठिवायला घरचं मानूस लागतं.

रंगा झांबरे मजेत हाय. तुमी वळखता त्येला. गनपतीत वर्गनीचा पहिला आकडा त्येचाच असतो, सत्यनारायनाला पहिल्या पाटावर त्योच असतो. नमस्कार करील तवा त्येचा उजवा तळवा बघा. येक रेघ न्हाई त्यावर, घासलेल्या पाट्यावानी गुळगुळीत. आन् तुमच्या कमानीवर काय लिहिलंय? मोठ्या सोनेरी अक्षरात? वाचलंय ना रोज? "मातोश्री हौसाबाई नगर."

व्हय. तीच मातोश्री.

काय म्हनालात, बाई? जरा मोठ्यानं. "मग तिथे मागच्या गेटपाशी आपण रोज एक तांब्या पाणी ठेवूया की." ठिवा की! माझी कुठं ना हाय? चांगला इचार हाय. अंधार पडल्यावर, येकट्यानं, तांब्या भरून मागच्या गेटाला जायचं. कोन जानार? तुमी? तुमच्या घरी लहान लेकरू हाय, बरूबर. तुमी, कुलकर्नी? बीपी. वाचमनला सांगायचं म्हनता? त्यो बिहारचा हाय, त्येला काय म्हायती, त्येलाच सांगू म्हनता…

बघा. बघा, सगळी येकमेकाकडं बघायला लागली. दोन वर्सं झाली हितं राहायला येऊन, वाटत व्हतं तुमी शहरातली. आज झालात कुसळवाडीची!

आली लाईट. जावा आता वर. पुढच्या गेटातनं जावा, लांब पडलं तरी. मागच्या वाटंला दिवसा बी काम असल्याबिगर जाऊ नका, आन् दिवा लागल्यावर तर पाय सुदिक वळवू नका. तिला अजून शीव गावलेली न्हाई. गावनार बी न्हाई, दगडावर तुमची पार्किंग उभी हाय. कवा अंधारात मागनं कुईकुई ऐकू आली आन् कुनी म्हनलं, "हात लावा हो," तर हात खिशात घाला. आवाज परका असला तर गुमान चालत ऱ्हावा.

वळखीचा असला, तर पळा.